हिंगोलीच्या छावणीतला कापडव्यापारी

हिंगोलीच्या छावणीत १८३०-३२ च्या सुमारास हरिसिंग नावाच्या एका कापडव्यापाऱ्याचा चांगला जम बसला होता. सुरुवातीला तो वऱ्हाडातून कापडाची गाठोडी घेऊन यायचा, माल विकायचा आणि परत जायचा. येता-जाता तोफखान्याच्या सुभेदाराशी त्याची ओळख वाढली. इथेच दुकान टाकावे म्हणतो, असे त्याने सुभेदाराजवळ बोलून दाखवले. सुभेदाराने दुजोरा दिला, बाजाराच्या कोतवालाने मदत केली आणि गोलंदाजांच्या बाजारात हरिसिंगचे दुकान उभे राहिले. बरोबर एक भागीदारही होता. थोड्याच काळात छावणीतल्या बड्या कापडवाल्यांत दोघांची गणना होऊ लागली. शिपाई त्यांच्याकडून कापड घेत, गोरे अधिकारीही घेत. त्या अधिकाऱ्यांत विशी नुकतीच ओलांडलेला एक तरुण होता, फिलिप मेडोज टेलर. या माणसाशी आपण स्वतः व्यवहार केला होता, हे टेलरने पुढे छापील पुस्तकात नोंदवले आहे.

एकदा हरिसिंग कॅप्टन रेनॉल्ड्सकडे गेला. जिल्ह्याचा मुलकी कारभार तेव्हा रेनॉल्ड्सच्या हाती होता. मुंबईहून कापडाचा माल आणायचा आहे, त्यासाठी परवाना मिळावा, एवढीच त्याची विनंती होती. छावणीतला नावाजलेला दुकानदार, नेहमीचे काम, परवाना मिळाला. मुंबईहून माल खरोखरच निघाला होता, पण तो हरिसिंगचा नव्हता. हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या एका गावचा व्यापारी आपला माल घेऊन स्वतः येत होता आणि त्याची खबर हरिसिंगला आधीच लागली होती. वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि जनावरे हाकणाऱ्यांना हरिसिंगने संपवले. साहेबाच्या परवान्यावर तो माल राजरोस हिंगोलीत आला आणि छावणीतच विकला गेला. ज्यांच्या नावाने परवाना निघाला त्या साहेबलोकांपैकी कोणी त्यातलेच कापड अंगावर घातले असेल, तर त्यात नवल नाही. पुढे पकडला गेल्यावर हरिसिंगने स्वतःहून सांगितले नसते तर हा प्रकार कधीच उघडकीला आला नसता. सांगतानाही त्याला त्याची मजा वाटत होती, असे टेलर लिहितो.

हरिसिंग हा ठगांचा म्होरक्या होता.

वेष पालटून टोळीत शिरलेला पोलीस आपण पडद्यावर अनेकदा पाहिला आहे. राऊल वॉल्शच्या १९४९ च्या 'व्हाइट हीट'मध्ये एडमंड ओब्रायनचा पोलीस तुरुंगात कैदी बनून जेम्स कॅग्नीच्या कोडी जॅरेटचा जिवलग होतो. त्याआधी १९४७ च्या अँथनी मानच्या 'टी-मेन'मध्ये सरकारी खात्याची दोन माणसे बनावट नोटा छापणाऱ्यांत मिसळतात. आपल्याकडे १९७८ च्या 'डॉन'मध्ये विजयला डॉनच्या जागी बसवले जाते आणि ज्याला खरे ठाऊक आहे तो पोलीस अधिकारीच मरतो, तेव्हा विजय दोन्हीकडून परका होतो. या चित्रपटांची सगळी ताकद एकाच भीतीत असते: आपला माणूस त्यांच्या घरात बसला आहे, ओळखला गेला तर? २००२ साली हाँगकाँगच्या 'इन्फर्नल अफेअर्स'ने ही भीती दुप्पट केली. पोलिसांचा माणूस टोळीत आणि टोळीचा माणूस पोलिसांत. जगभर त्या कल्पनेची वाहवा झाली. हिंगोलीला मात्र तिचा एक निम्मा भाग त्याआधी सुमारे एकशे सत्तर वर्षे प्रत्यक्ष घडून गेला होता. इथे वेष घेतलेला माणूस टोळीचा होता आणि तो फौजेच्या मुक्कामात दुकान मांडून बसला होता.

हिंगोलीच का, हे समजायला त्या वेळची हिंगोली डोळ्यांसमोर आणली पाहिजे. आज आपण जिला जिल्ह्याचे ठिकाण म्हणतो (१ मे १९९९ रोजी परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला), ती तेव्हा कयाधू नदीच्या काठची एक लष्करी वसाहत होती. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज उभी केली, तिला आधी रसेल ब्रिगेड आणि पुढे हैदराबाद कॉन्टिन्जंट म्हणत. पैसा निजामाचा, हुकूम ईस्ट इंडिया कंपनीचा. या फौजेची ठाणी बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर अशी पसरलेली होती आणि त्यांतले एक मोठे ठाणे हिंगोली. या भागात फौज ठेवण्याचे कारणही जवळचेच होते. हटकर नाईकांनी इथल्या गढ्या लढवल्या होत्या. नौसाजी नाईकाची नोव्हाची गढी घेण्यासाठी जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनला तोफा लावून वेढा घालावा लागला होता. हिंगोली शहरात पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे आजही चालतात. त्या काळी पायदळ, घोडदळ, तोफा आणि पेन्शनीत निघालेले शिपाई जिथे जिथे राहत, त्या जागा या नावांत टिकून आहेत.

छावणी म्हणजे पगार. पगार म्हणजे बाजार. बाजार म्हणजे वऱ्हाडचा कापूस, मुंबईचे कापड, उमरावतीचे सावकार, हुंड्या, रोकड घेऊन जाणारे जासूद. कॉन्टिन्जंटमध्ये उत्तर हिंदुस्थानातले शिपाई पुष्कळ होते. रजा मिळाली की वर्षभराची शिल्लक कमरेला बांधून ते शेकडो मैल पायी गावी निघत. नागपूर-वऱ्हाडकडून नांदेड-हैदराबादकडे जाणारे आणि जालना-औरंगाबादकडून येणारे लोक याच मुलुखातून जात. असा मनुष्य वाटेत नाहीसा झाला तर त्याच्या घरी ते कळायला महिने लागत. पलटणीत वाटे, गडी रजेवरून परतला नाही, पळाला असेल. घरी वाटे, अजून रजा मिळाली नसेल. ठगांच्या धंद्याचा पाया या दोन समजुतींमधल्या अंतरावर उभा होता, आणि मला वाटते, देवीच्या कोपाच्या आणि रक्तपिपासेच्या सगळ्या कथांपेक्षा ही साधी गोष्ट त्यांचे दीर्घायुष्य अधिक चांगली समजावते.

पद्धत ठरलेली होती. टोळी निरनिराळ्या तुकड्यांत चाले; कोणी व्यापारी, कोणी रजेवरचे शिपाई, कोणी यात्रेकरू. गोड बोलून सावज जाळ्यात ओढणारा तो सोठा. गळ्याला रुमाल टाकणारा भुर्तोट. खड्डे खणणारे लुघा वेगळे. वाटसरूंना एकट्याने जायची भीती असे, म्हणून ते आपणहून मोठ्या जथ्यात सामील होत. तो जथा ठगांचाच असे. चार-सहा मुक्काम एकत्र जेवण, गप्पा, गाणी झाल्यावर एखाद्या पहाटे ठरलेल्या जागी, ठरलेल्या इशाऱ्यावर सगळे उरकले जाई. कोणालाही जिवंत सोडायचे नाही हा नियम होता. साक्षीदार नाही, प्रेत नाही, फिर्यादी नाही. या लोकांची आपसातली बोली होती, तिला रामसी म्हणत, आणि त्या बोलीत टोळीच्या हेरालाही स्वतंत्र शब्द होता: तिल्हा. बाजारात बसून कोण कधी निघणार, किती माल घेऊन निघणार याची खबर काढणे हे त्याचे काम. छावणीतले दुकान या कामासाठी किती सोयीचे होते, हे वेगळे सांगायला नको. गिऱ्हाईक येऊन आपणहूनच सांगे की उद्या गावी निघतोय, मुलीच्या लग्नाला.

दख्खनमध्ये स्थानिक टोळ्या होत्याच. त्यांत उत्तरेकडच्यांची भर पडली. १८१२ मध्ये चंबळेजवळच्या सिंदौस परगण्यात लेफ्टनंट मॉन्सेल हा इंग्रज अधिकारी मारला गेला आणि त्यानंतर कंपनीने त्या भागातली ठगांची वस्ती उधळून लावली. पांगलेली माणसे बुंदेलखंडात, नर्मदेच्या खोऱ्यात, तिथून आणखी खाली आली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पेंढाऱ्यांचा पाडाव झाला, सरदारांच्या फौजा मोडल्या. तलवार बांधून जगणाऱ्या हजारो माणसांना रोजगार उरला नाही. त्या वर्षांत रस्त्यावर कोण व्यापारी, कोण शिपाई आणि कोण लुटारू हे सांगणे कोणालाच सोपे नव्हते.

जून १८३२ मध्ये हरिसिंग हिंगोलीला पकडला गेला. त्याआधी दोन-तीन वर्षांपासून सागर-जबलपूरकडे कॅप्टन विल्यम स्लीमनने ठगांच्या धरपकडीचे काम हाती घेतले होते. तिकडे पकडलेले ठग माफीच्या बदल्यात बोलू लागले आणि त्यांच्या जबान्यांतून दख्खनच्या टोळ्यांची नावे बाहेर येऊ लागली. छावणीत खळबळ उडाली. रोज ज्याच्या दुकानात बसायचे, तो माणूस असा निघाला.

मग थडगी उघडण्याचा दिवस आला. टेलर तिथे हजर होता आणि त्याने जे लिहिले आहे त्यात अलंकार नाहीत, त्यामुळेच ते अंगावर येते. छावणीतून जवळच्या एका खेड्याकडे जाणारा रस्ता होता, बाहेर पडण्याच्या मुख्य वाटांपैकी एक. त्या रस्त्याला लागून नदीला मिळणारा एक लहान कोरडा नाला होता, एखाद्या चराएवढाच रुंद आणि खोल. माफीचे साक्षीदार पुढे चालत. इथे खणा, म्हणत. तिथे माणसे निघत. एकेका खड्ड्यात कितीतरी. मग ते शांतपणे पुढची जागा दाखवत. खणणाऱ्यांचे आणि बघणाऱ्यांचे मन विटले तेव्हा काम थांबवले गेले. जागा संपल्या म्हणून नव्हे. यांतले कित्येक खून खुद्द छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत झाले होते, आणि मुडदे पुरले होते ती जागा पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर होती. त्या अंतरावरून पहाऱ्याची हाळी ऐकू येते.

सैन्याच्या इतक्या जवळ, ही गोष्ट हिंगोलीपुरती नव्हती. स्लीमनने स्वतःबद्दल हेच लिहिले आहे. १८२२ ते १८२४ या काळात तो नरसिंहपूरचा कारभार पाहत होता. त्या वेळी आपल्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहते आणि एका मुक्कामावरच्या मंदेसरच्या आमराया ही देशातली मोठी दफनभूमी आहे, असे कोणी सांगितले असते तर आपण त्याला वेड्यात काढले असते, असा त्याचा कबुलीजबाब आहे. सत्तेला आपल्या पायाखालचे दिसत नव्हते. हिंगोलीत रेनॉल्ड्सला दिसले नाही, कारण त्याच्या समोर उभा असलेला मनुष्य नीटनेटका, नम्र, कर भरणारा व्यापारी होता. परवाना देणाऱ्याने ज्या खुणांवरून माणूस पारखायचा, त्या सगळ्या खुणा हरिसिंगजवळ होत्या.

आता चित्रपटातला प्रश्न विचारायला हवा. सरकारने यांच्यात कोणाला घुसवले? कोणता अधिकारी वेष पालटून रुमाल हाताळायला शिकला?

कोणीच नाही. १९५२ मध्ये जॉन मास्टर्सने 'द डिसीव्हर्स' ही कादंबरी लिहिली आणि १९८८ मध्ये इस्माईल मर्चंटच्या निर्मितीखाली निकोलस मेयरने तिच्यावर चित्रपट केला. स्लीमनवर बेतलेला विल्यम सॅव्हेज हा अधिकारी त्यात अंगाला रंग फासून, गोपाळ विणकर बनून ठगांच्या टोळीत शिरतो आणि हळूहळू त्या धंद्याची चटक त्यालाही लागते. पिअर्स ब्रॉस्नन सॅव्हेज होता, सईद जाफरी त्याला वाट दाखवणारा माफीचा ठग हुसेन. राजस्थानात चित्रित झालेला हा चित्रपट देखणा आहे आणि सॅव्हेजच्या मनातली ओढाताण खरी वाटते. पण तसे घडले नव्हते. स्लीमन कधी टोळीबरोबर चालला नाही. ठगांच्या टोळ्या मोडल्या त्या हुसेनसारख्यांनी, आणि चित्रपटात हुसेन दुय्यम आहे.

खरे काम कसे झाले ते फिरंगियाच्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसते. फिरंगिया हा नर्मदेपलीकडचा, ठगांचा नामांकित जमादार. तो हाती लागेना, तेव्हा स्लीमनने त्याच्या आईला, बायकोला आणि मुलाला अटकेत ठेवले. घरची माणसे अडकलेली असताना हा दूर पळून जाणार नाही, हा हिशेब. तो बरोबर ठरला. १८३० च्या अखेरीस फिरंगिया सापडला. जीव वाचवण्याच्या अटीवर त्याने तोंड उघडले. स्लीमनला त्याचे बोलणे खोटे वाटले, तेव्हा त्याने सलोहडाच्या आमराईत जागा दाखवल्या. तिथे स्लीमनचाच मुक्काम पडलेला होता, आणि तंबूखालच्या जमिनीतून प्रेते निघाली.

मग यंत्र सुरू झाले. पकडलेल्या प्रत्येकाला वेगळे बसवून विचारायचे: तुझ्या टोळीत कोण, कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, कोणत्या साली कोणत्या वाटेला कोणते सावज. उत्तरे एकमेकांशी ताडून पाहायची. स्लीमनने ठगांच्या वंशावळी तयार केल्या, पुरण्याच्या जागांचे नकाशे काढले, रामसी बोलीचा कोश केला. तो १८३६ मध्ये कलकत्त्यात 'रामसीआना' नावाने छापला गेला. माफीच्या साक्षीदारांना नजीब शिपायांच्या पहाऱ्यात दूरदूरच्या संस्थानांत पाठवले जाई. गावच्या बाजारात, जत्रेत, धर्मशाळेत ते जुन्या सोबत्याकडे बोट दाखवत. कधी काळी ज्याच्या पानात पान घालून जेवले, त्याच्याकडे. निजामाच्या मुलुखातही हेच झाले. टेलरच्या त्या छापील पुस्तकाच्या प्रस्तावनेच्या शेवटी ठगांच्या बंदोबस्ताचा तक्ता आहे आणि तो आपल्याला कॅप्टन रेनॉल्ड्सकडून मिळाला असे तो म्हणतो. १८३१ ते १८३७ या सात वर्षांत सर्व मिळून ३,२६६ ठग पकडले गेले. ४१२ फासावर गेले. हजाराहून अधिक काळ्या पाण्यावर. ४८३ माफीचे साक्षीदार झाले. फाशी गेलेल्यांपेक्षा बोललेले जास्त, हा आकडा मला या सगळ्या प्रकरणाचे मर्म वाटतो.

या ४८३ माणसांवर कोणी मोठी कादंबरी लिहिली नाही, असे मात्र नाही. एकाने लिहिली, आणि तो हिंगोलीच्या नाल्याकाठी उभा होता.

टेलरची गोष्ट थोडी मागून सांगितली पाहिजे. १८०८ मध्ये लिव्हरपूलला जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी निजामाच्या फौजेत दाखल झाला. मराठी, उर्दू, फारसी, तेलुगू यांच्याशी त्याने सलगी केली. १८२९ च्या सुमारास तो राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलीस खात्यात साहाय्यक होता. फिरतीवर असताना त्याच्या कानावर यायचे की अमक्या वाटेवर अनोळखी माणसांची प्रेते सापडली. ना ओळख, ना फिर्याद. काही माणसे दरवर्षी ठरावीक मोसमात गावाबाहेर जातात आणि व्यापार करून आलो म्हणत परततात, हेही त्याने हेरले. त्यांच्यावर त्याचा संशय बसला. पण धागा हाती लागेपर्यंत त्याला पलटणीत परत जावे लागले. चार वर्षांनी ठगांचे प्रकरण देशभर गाजू लागले तेव्हा पुरावा गोळा करण्यासाठी त्याने आपणहून काम मागून घेतले. दिवसामागून दिवस तो जबान्या उतरवत बसला. नावांच्या एका यादीत त्याला १८२९ मध्ये संशय आलेली माणसे जवळजवळ सगळी सापडली. ठग उघडकीला आणण्याचे श्रेय आपल्या वाट्याला यायचे राहिले, ही खंत त्याने आत्मचरित्रात लपवलेली नाही. मला तो माणूस त्या कबुलीमुळे अधिक जवळचा वाटतो. याच टेलरने पुढे शोरापूरचा कारभार पाहिला, नळदुर्गला राहून त्या भागात काम केले, तुळजापूरच्या परिसरावर 'तारा' लिहिली. मराठवाड्याच्या आठवणीत तो चांगल्या अर्थाने राहिला आहे.

१८३९ मध्ये त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लंडनला तीन खंडांत निघाली; वर आलेली प्रस्तावना तिचीच. अमीर अली नावाचा ठग साहेबासमोर बसून आपले आयुष्य सांगतो, असा तिचा बाज. राणी व्हिक्टोरियापर्यंत ती पोहोचली. ठग हा शब्द इंग्रजीत कायमचा रुजण्यात तिचा मोठा वाटा आहे, आणि पाचच वर्षांनी पॅरिसच्या यूजीन स्यूने आपल्या गाजलेल्या कादंबरीत फिरंगिया नावाचा ठगच आणून बसवला. पण टेलरची खरी करामत वेगळी आहे. त्याने नायक म्हणून अधिकारी निवडला नाही. त्याने बोलणारा गुन्हेगार निवडला आणि साहेबाला फक्त ऐकायला बसवले. अमीर अली आपल्या बापावर प्रेम करतो, बायकोवर करतो, मुलीवर करतो, आणि सकाळी उठून माणसे मारतो. वाचकाला तो आवडू लागतो आणि मग वाचक स्वतःलाच घाबरतो. दीडशे वर्षांनंतरच्या गँगस्टरपटांनी नेमके हेच साधले. १९९७ च्या 'डॉनी ब्रास्को'त पोलिसाचा माणूस ज्या लेफ्टीला फसवतो, त्या लेफ्टीसाठीच प्रेक्षकाचा जीव तुटतो. हिंगोलीतल्या दुकानदाराकडून कापड विकत घेतलेल्या माणसाला तो जीव तुटणे आधीच माहीत होते, असे मला वाटते. हरिसिंगला त्याने राक्षस केले असते तर सोपे झाले असते. त्याने केले नाही.

इथे थांबून एक शंका बोलायलाच हवी, कारण इतिहास लिहिणाऱ्याने ती टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्याला हे सगळे ठाऊक आहे ते माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या लेखणीतून. ज्याचा जीव नावे सांगण्यावर अवलंबून आहे, तो नावे सांगणारच. जितकी जास्त, तितका तो उपयोगी. स्लीमनने पडताळणी केली, थडग्यांतून हाडे निघाली, हे खरेच. हिंगोलीच्या नाल्यातले मुडदे कोणी कल्पनेने पुरलेले नव्हते. पण हे सर्व एकाच धर्मपंथाचे लोक होते, देवीच्या आज्ञेने मारत होते, पिढ्यान्‌पिढ्या देशभर त्यांचे एक जाळे होते, हे चित्र मात्र पुष्कळसे ऐकणाऱ्यांच्या मनातून आलेले आहे. राधिका सिंघा यांनी कंपनीच्या कायद्यांच्या अंगाने आणि किम वॅगनर यांनी २००७ च्या पुस्तकात मूळ जबान्या वाचून या चित्राची बरीच चिकित्सा केली आहे. त्यांच्या लेखनातून दिसणारा ठग बहुतेक वेळा उपजीविका हरवलेला, एखाद्या जमीनदाराच्या आश्रयाने राहणारा, लुटीत त्याला वाटा देणारा माणूस आहे. हरिसिंगच्या गोष्टीतही मला देवीपेक्षा गिऱ्हाईक, परवाना आणि भागीदार यांचाच जास्त मागमूस दिसतो. त्याला परवान्याची किंमत कळली होती. हा नव्या राज्यात नवा धंदा शिकलेला गुन्हेगार होता.

ही शंका विद्वानांच्या चर्चेत राहिली असती तर तिचे एवढे काही नव्हते. पण तिच्यावर कायदा उभा राहिला. १८३६ चा तिसावा कायदा म्हणतो की कंपनीच्या हद्दीत वा हद्दीबाहेर ठगांच्या टोळीत जो कधीही होता असे सिद्ध होईल, त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. त्याने अमक्याला मारले हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो त्यांच्यातला होता एवढे पुरे. पुढच्याच वर्षी शिक्षा झालेल्या माणसाची साक्षही ग्राह्य धरण्याची तरतूद झाली. म्हणजे एक गुन्हेगार म्हणाला की दुसरा आमच्यातला, की काम झाले. माफीच्या साक्षीदारांना आयुष्यभर जबलपूरला नजरकैदेत ठेवले गेले. त्यांच्यासाठी तिथे उद्योगशाळा निघाली, ते तंबू शिवत आणि सतरंज्या विणत. त्यांच्या मुलांनाही तिथेच वाढवले. मुलगा बापासारखा होणार, हे गृहीत धरले होते.

ठगांसाठी उभे राहिलेले खाते दरोडेखोरांच्या बंदोबस्तासाठी वाढवले गेले. १८८७ मध्ये राजकीय हालचालींवर नजर ठेवण्यासाठी जी मध्यवर्ती विशेष शाखा निघाली, ती याच ठगी आणि डकैती खात्याच्या आसऱ्याने. १९०४ मध्ये खात्याच्या जागी गुन्हे-गुप्तवार्ता विभाग आला. आजच्या इंटेलिजन्स ब्युरोची वंशावळ तिथवर जाते. वेष पालटून टोळीत शिरणाऱ्या पोलिसाची जी परंपरा आपण चित्रपटात पाहतो, तिच्या आपल्याकडच्या मुळाशी वेषधारी अधिकारी नाही; माफी देऊन विकत घेतलेला माणूस आहे. गोविंद निहलानींनी १९९४ च्या 'द्रोहकाल'मध्ये हे ओळखले होते. तिथेही सगळा खेळ खबऱ्यांवर चालतो आणि माणूस फोडण्याचे तंत्र दोन्ही बाजूंना सारखेच अवगत असते. म्हणून तो चित्रपट मला 'द डिसीव्हर्स'पेक्षा हिंगोलीच्या अधिक जवळचा वाटतो.

दुसरी वंशावळ अधिक दुःखाची. 'त्यांच्यातला असणे' हाच गुन्हा, हे तत्त्व १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पूर्ण फुलले. आता टोळीऐवजी जात पुरेशी झाली. पारधी, कैकाडी, भामटे आणि कितीतरी लोक जन्मतः गुन्हेगार ठरले. १९११ च्या सुधारित कायद्याने तो ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करता येऊ लागला, आणि निजामाच्या राज्यातही अशा लोकांवर पाळत ठेवण्याची व्यवस्था झाली. पोलीस पाटलाकडे रोज हजेरी, गाव सोडताना दाखला, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात सेटलमेंट. जिथे हरिसिंगने एका परवान्याच्या बळावर व्यापाऱ्याचा माल छावणीत आणला, त्याच मराठवाड्यात आता ज्याने काहीच केले नव्हते त्यालाही शेजारच्या गावी जायला परवाना लागू लागला.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. विमुक्त जमाती तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. १९८७ मध्ये लातूर भागातल्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्याबद्दल दीडशे वर्षे साहेब लिहीत होता आणि माफीचा साक्षीदार बोलत होता, त्यांच्यातल्या एकाने स्वतःच्या घराबद्दल, कोणाच्याही माफीची अट न पाळता, मराठीत लिहिले. हिंगोलीच्या प्रकरणावर कोणा मराठी दिग्दर्शकाला चित्रपट करावासा वाटला तर त्याने टेलरच्या प्रस्तावनेइतकेच हे पुस्तकही जवळ ठेवावे.